विणीचा हंगाम संपल्यावर काही प्राण्यांचे वृषण आक्रसतात. तिथल्या पेशी मरतात का?

बऱ्याच प्राण्यांत हो, पण सरसकट नाही.

सीरियन हॅमस्टर घ्या. दिवसाचा उजेड साधारण साडेबारा तासांच्या खाली गेला की रात्री मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारं संप्रेरक जास्त वेळ स्रवतं, मेंदूकडून वृषणाला मिळणारे संप्रेरकांचे आदेश कमी होतात आणि टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक घसरतं. मग शुक्राणू बनण्याच्या वाटेवरच्या पेशी अपोप्टोसिसने, म्हणजे ठरवून केलेल्या पेशीमृत्यूने, संपतात. यात पेशी फुटून घाण पसरत नाही. पेशी आतल्या आत तुकडे होऊन आवरली जाते, शेजारच्या सर्टोली पेशी (शुक्राणू बनताना त्यांना आधार देणाऱ्या पेशी) ते तुकडे गिळतात. त्यामुळे सूजही येत नाही.

मूळ पेशी मात्र शाबूत राहतात, म्हणून पुढच्या हंगामात सगळं पुन्हा उभं राहतं. गंमत म्हणजे हॅमस्टरला काही महिने कायम कमी तासांच्या उजेडात ठेवलं तरी वृषण आपोआप पुन्हा वाढू लागतात!

अपवाद म्हणाल तर इबेरियन मोल, म्हणजे चिचुंद्रीसारखा, बिळात राहणारा प्राणी. त्याच्या वृषणात पेशी बहुतांशी मरत नाहीत. सर्टोली पेशींशी असलेली त्यांची पकड सुटते आणि त्या जिवंतपणीच शुक्राणू बनणाऱ्या नलिकेच्या पोकळीत गळून पडतात. त्यामुळे ‘आक्रसणं म्हणजे अपोप्टोसिस’ असं समीकरण मी तरी मांडणार नाही.