थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी रात्रभर ठेवली तर चालेल का?

नाही, अजिबात नको. धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त झोपतात, पण लालबुंद निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच असतो. त्याला ना रंग ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. शेकायचं तर ओसरीवर, अंगणात शेका. राखेखाली झाकलेला विस्तवही आत आणू नका, तो तासन्‌तास धुमसतो. खोलीत गोधडी, घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी पुरे. दोघातिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि लगेच १०८ ला फोन करा.