रिसर्च करून काय मिळतं?

प्रश्न : गावात दवाखान्याचा पत्ता नाही आणि मुलगी म्हणते तिथं आरोग्यावर रिसर्च करणार, काय उपयोग हो?

उत्तर : काका, गडचिरोलीचं बघा की. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा त्याच देणार, आणि 47 गावांत नेहमीचीच सेवा, मग दोन्हीकडची तुलना. 1999 ला निकाल छापून आला, नवजात मृत्यूदर तब्बल 62 टक्क्यांनी कमी! आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते ना, ते यातूनच आलंय. नुसते फॉर्म भरून गायब होणारा रिसर्च असेल तर मात्र तुमचं बरोबर, मुलीला तेवढं विचारून घ्या.