जनमत कौल जिंकलेले जॅक सिक्वेरा निवडणूक का हरले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६ जानेवारी १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा यांची, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारी, बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. त्यानंतर २८ मार्चला विधानसभेची निवडणूक झाली आणि सिक्वेरा पुन्हा विरोधी बाकांवरच बसले. मग ते निवडून येण्याजोगे नेते नव्हतेच, की लोकांनी दोन महिन्यांत मन बदललं?

बहुतेक मतदारांनी मन बदललेलं नव्हतं. त्यांना जानेवारीत एक प्रश्न विचारला गेला, मार्चमध्ये दुसरा, आणि दोन्ही वेळा त्यांनी विचार करूनच उत्तर दिलं. हे आकड्यांतून दिसतं, म्हणून आधी आकडे.

संघप्रदेश राहावा या बाजूला, म्हणजे 'दोन पानां'ना, १,७२,१९१ मतं पडली. महाराष्ट्रात विलीन व्हावं या बाजूला, म्हणजे 'फुला'ला, १,३८,१७०. वैध मतांत दोन पानांचा वाटा साडेपंचावन्न टक्के होतो. १९६० च्या जनगणनेत गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. आपण पूर्ण चाळीस धरू, आणि त्यातल्या प्रत्येकाने दोन पानांवरच शिक्का मारला असंही मानू. तरी वरचे पंधरा टक्के उरतात, ते कुठून आले? उरलेल्या साठ टक्क्यांतून. म्हणजे ख्रिस्तीतर मतदारांपैकी किमान चौथा हिस्सा विलीनीकरणाच्या विरोधात गेला होता. हा हिस्सा सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा, म्हणजे युगोचा, कधीच नव्हता. सगळं कोडं इथेच सुटतं.

हे मतदार दोन पानांकडे येऊ शकले याचं एक कारण मतपत्रिकेत होतं. तिच्यावर युगोचं नाव नव्हतं, आणि विलीनीकरण हवं असलेल्या सत्ताधारी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, म्हणजे मगोचंही नव्हतं. फूल आणि दोन पानं ही दोन्ही चिन्हं पक्षांच्या बाहेरची. फोंड्याच्या किंवा पेडण्याच्या एखाद्या कुळाला मगोचे नेते, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आपले वाटत असले तरी भाऊसाहेबांशी नातं न तोडता दोन पानांवर शिक्का मारता येत होता. कौलाऐवजी विधानसभेची निवडणूक झाली असती तर ही सोय त्याला मिळाली नसती. म्हणूनच १९६३ च्या निवडणुकीतला मगोचा विजय हाच विलीनीकरणाचा कौल आहे, हा मगोचा दावा युगोने मान्य केला नाही आणि स्वतंत्र मतदानाचा आग्रह धरला. सिक्वेरांच्या राजकारणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता असं मी मानतो. दिल्लीत हे पटवून देण्यात काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांचाही मोठा वाटा आहे, तो विसरू नये.

दुसरी मागणी होती मतदानाआधी बांदोडकर सरकारने पायउतार होण्याची. तीही मान्य झाली आणि डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला सरकार गेलं. तिसरी मागणी, मुंबईत आणि इतरत्र राहणाऱ्या गोवेकरांना मतदानाचा हक्क द्यावा ही, मात्र फेटाळली गेली. एक मर्यादाही होती: 'स्वतंत्र राज्य' हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते १९८७ साली मिळालं.

प्रचाराची बाजू तितकीच महत्त्वाची. विलीनीकरणविरोधी बाजूचं सर्वांत प्रभावी हत्यार मडगावचं 'राष्ट्रमत' हे दैनिक होतं, आणि ते मराठी होतं. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. ज्या मतदाराला वळवायचं होतं तो मराठी वाचणारा, म्हणून युक्तिवाद त्याच्याच भाषेत. हे काम युगोच्या व्यासपीठावरून झालं नसतं. त्या व्यासपीठावर भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या उच्चभ्रूंची छाया आहे, असं बहुजन मतदाराला वाटत होतं.

आता मार्चकडे येऊ. जानेवारीच्या निकालाने विलीनीकरणाचा प्रश्न निकालात काढला आणि त्याचा पहिला फायदा हरलेल्या बांदोडकरांना झाला. 'यांना मत दिलं तर गोवा महाराष्ट्रात जाईल' ही भीती संपली. उरलं ते त्यांचं काम: खेडोपाडी उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा, आणि १९६४ चा कूळ कायदा, ज्याने खंडावर उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा घातली. जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारलेला फोंड्याचा मतदार मार्चमध्ये निर्धास्तपणे मगोकडे परतला. सिक्वेरांनी लढाई जिंकून स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याची सर्वांत मोठी अडचण दूर केली होती. त्यात भर म्हणजे युगो फुटला होता. सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट वेगळे लढले. फुर्तादो गटाला जागा मिळाली नाही, पण जिंकलेल्या कौलानंतर पक्ष एकसंध नसणं हीच बाब घातक असते.

दुसरं कारण भूगोल. कौलात सगळ्या गोव्याची मतं एका राशीत मोजली. सासष्टीत दोन पानांना मिळालेली प्रचंड आघाडी पेडणे-सत्तरीतली तूट भरून काढू शकली. विधानसभेत गोव्याच्या २८ जागा होत्या. कौलातली वैध मतं २८ ने भागली तर एका मतदारसंघाला सरासरी ११ हजार येतात. सासष्टीत एखादी जागा पाचशे मतांनी जिंकली काय किंवा सहा हजारांनी, पदरात पडते एकच. वरची मतं वाया जातात. मार्चमध्ये मगोला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं होती, युगोला त्याहून जराशी कमी. जागा मात्र १६ विरुद्ध १२. १९६३ साली मित्रपक्ष धरून मगोच्या १६ आणि युगोच्या १२ होत्या. एवढी उलथापालथ होऊनही पक्षांचं बळ जिथल्या तिथे राहिलं.

कोणी म्हणेल, सिक्वेरांनी इतकी ठाम बाजू घ्यायलाच नको होती. त्याला ब्रिटनचं उदाहरण उत्तर देतं. ब्रेक्झिटच्या वादात जेरेमी कॉर्बिन यांनी उलट मार्ग धरला. २०१७ साली संदिग्ध भूमिका ठेवून त्यांच्या मजूर पक्षाने ४० टक्के मतं आणि २६२ जागा मिळवल्या. डिसेंबर २०१९ पर्यंत लोक दोन टोकांना गेले होते. तेव्हा त्यांनी नवा करार, मग पुन्हा सार्वमत आणि त्यात आपण स्वतः तटस्थ, अशी भूमिका मांडली. मतं ३२ टक्क्यांवर, जागा २०२ वर आल्या. पक्षाच्या उत्तरेकडच्या जुन्या बालेकिल्ल्यांनी पाठ फिरवली, शहरी समर्थकही पुरेसे खूश झाले नाहीत. पुढे २०२४ साली त्याच पक्षाने २०१९ पेक्षा संख्येने कमी मतं घेऊन ४११ जागा जिंकल्या, कारण समोरची मतं फुटली आणि आपली योग्य ठिकाणी पसरली. नेत्याची 'निवडून येण्याची ताकद' मोजताना एकूण मतं किती फसवी असतात, हे इथे दिसतं.

अशा नेत्याचा अंदाज बांधायचा असेल तर मी सार्वमताचा निकाल बाजूला ठेवतो. त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी किती जण हा प्रश्न मिटल्यावर त्याच्याकडे येतील, आणि कोणत्या कारणाने, हे आधी पाहतो. सिक्वेरांकडे कुळांसाठी, शाळांसाठी बांदोडकरांना तोडीस तोड कार्यक्रम नव्हता. मग पाठिंबा कुठे साचलाय ते पाहतो. १९६७ सालीच त्यांचे पुत्र इराज्मू द सिक्वेरा मुरगाव मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७१ साली पुन्हा गेले. दक्षिणेकडचा तो मोठा मतदारसंघ युगोच्या मतांना नेमका पुरला. तीच मतं विधानसभेच्या लहान लहान मतदारसंघांत विभागली गेली की बारा जागांच्या पुढे जात नव्हती.