पाण्यावरची साय आणि पहाटेचे मासे

प्रश्न : माझी माशांची टाकी अडीच फुटी, साधारण 100 लिटरची आहे. आत वॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पती आणि दोन महिन्यांपूर्वी आणलेलं एक लाकूड आहे. वनस्पतींना साखर-यीस्टच्या बाटलीतून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, देतो. महिनाभर पाण्यावर दुधाच्या सायीसारखा तवंग येतोय. काढला तरी दोन दिवसांत परत. सकाळी सहाला निऑन टेट्रा वर येऊन तोंडं उघडमिट करत असतात, लाइट लागून दोनेक तास झाले की ठीक होतात. हनी गुरामीला मात्र काहीच होत नाही. पाणी हललं की गॅस उडून जातो असं दुकानात सांगितलं, म्हणून फिल्टरचं पाणी बाहेर सोडणारं तोंड पाण्याखाली घेतलंय. कोणतं औषध टाकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : औषध टाकू नका. आज हे वाचून झालं की आधी फिल्टरचं तोंड वर घ्या, बाकीचं सावकाश.

तुम्ही गुरामीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. गुरामीला कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो. ती वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. निऑनला ती सोय नाही, त्याला पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच जगावं लागतं. एकाच पाण्यात एक मासा मजेत आणि दुसरा धापा टाकतोय, तेही फक्त पहाटे, याचा अर्थ रात्रभरात ऑक्सिजन संपत आलाय. रोग असता तर लाइट लागल्यावर दोन तासांत बरा झाला नसता. उजेडात वनस्पती ऑक्सिजन सोडतात, अंधारात माशांसारख्या त्याही तो वापरतात. फिल्टरमधले आणि मातीतले जिवाणू तर चोवीस तास वापरतात. म्हणून टाकीची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे लाइट लागण्याच्या आधीचा तास.

रात्री नवा ऑक्सिजन येणार फक्त पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून. तिथेच तुमची साय बसली आहे आणि तिच्याखाली पाणी निपचित. स्थिर पाण्यात ऑक्सिजन आपणहून खाली झिरपायला फार वेळ लागतो, हवेत पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश. वरचं पाणी खाली आणि खालचं वर जात राहिलं तरच तळापर्यंत पोहोचतो. त्यात उन्हाळा. 25 अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त 8.2 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.5 च्या आसपास. मावतो कमी आणि गरम पाण्यात माशांना लागतो जास्त.

आता गॅसचं. पाणी हललं की सीओटू उडतो हे खरं आहे, पण दुकानदाराने अर्धंच सांगितलं. सिलिंडरचा गॅस रात्री बंद करता येतो, यीस्टची बाटली रात्रीही फसफसत राहते. वनस्पती तो घेत नाहीत, वर सायीचं झाकण, म्हणजे पहाटेपर्यंत सीओटू साठतो आणि ऑक्सिजन उतरतो. माशांना दोन्हीकडून मार. रात्री तो गॅस उडून जायलाच हवा. लाइट बंद केला की बाटलीची नळी टाकीतून बाहेर काढा. बाटलीचं तोंड मात्र बंद करू नका, दाब वाढून फुटेल. आणि ज्यांच्याकडे गॅस नाहीच त्यांनी तर पाणी हलवायला मुळीच घाबरू नये. दिवसा वनस्पती पाण्यातला सीओटू संपवतात आणि हलणारं पाणी हवेतून नवा आणतं.

किती हलवायचं? पृष्ठभाग थरथरला पाहिजे, खळखळायला नको. दिवा पाण्यावरून असेल तर तळाच्या वाळूवर उजेडाच्या जाळ्या हलताना दिसतात, तेवढं पुरे. फिल्टरची धार तिरकी वर, समोरच्या काचेकडे द्या. मग चिमूटभर कोरडं खाद्य एका कोपऱ्यात टाका आणि त्याचा प्रवास बघत बसा. जिथे कण जाऊन अडकतात तिथे साय जमणार, धार त्या कोपऱ्याकडे वळवा. गुरामीला ओढ आवडत नाही. तिच्यासाठी वॅलिसनेरियाची लांब पानं तरंगतात तो एक कोपरा शांत राहू द्या. रात्रीपुरता एअर पंप टायमरवर लावलात तर उत्तम. बुडबुड्यांमधून थेट फारसा ऑक्सिजन मिळत नाही, पण ते वर येऊन फुटतात तेव्हा साय फाटते आणि खालचं पाणी वर ओढलं जातं. काम त्याचंच आहे.

साय कशाची आहे तेही बघून घ्या. टूथपिकने मध्ये रेघ ओढा. तुकडे तुटक्या काचेसारखे वेगळे राहिले तर ती जिवाणूंची. रेघ लगेच मिटली आणि रंग फिरले तर तेलाची. तुमच्याकडे बहुतेक जिवाणूंचीच असणार. नवं लाकूड महिनोन्महिने काहीतरी सोडत असतं, आणि स्वोर्डची जुनी पानं पिवळी पडून कुजत असतील, ती मुळाशी कापून काढा. आमच्या घरी मात्र ती तेलाची निघाली होती. टाकी स्वयंपाकघराच्या दारासमोर, रोजची फोडणी आणि संध्याकाळची उदबत्ती. मी तिला महत्त्व दिलं नाही. मे महिन्यात दोन दिवस पाहुणे होते, सतत तळण चालू होतं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बारापैकी सात रमीनोज टेट्रा मासे गेले होते. अजूनही लाइट लागायच्या आधी एकदा टॉर्च मारून टाकी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्हीही पुढचे आठ दिवस तसं बघा.

आत्ता असलेली साय काढायला फिल्टर दहा मिनिटं बंद करा. पाणी स्थिर झालं की पांढरा टिशू पाण्यावर आडवा पसरा आणि एका टोकाने अलगद ओढून घ्या. साय त्याला चिकटून येते. किंवा रिकामी वाटी काठापर्यंत दाबून धरा, म्हणजे वरचंच पाणी आत ओघळेल. स्किमर (वरचा तवंग ओढून घेणारं उपकरण) घेणार असाल तर लहान मासे आणि कोळंब्या त्यात ओढल्या जातात, तो दिवसातून थोडे तासच चालवा. पण हे सगळं साफसफाईचं. धार खालीच राहिली तर साय परत येणार.

प्रश्न : मॉली ही मासळी तवंग खाते म्हणतात. एक जोडी सोडू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खाते, चांगली चाटूनपुसून खाते. पण तुम्ही कळवलेलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे आणि मॉलीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं. शिवाय जोडी म्हणजे दोन महिन्यांत पिल्लावळ. सोडू नका.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार-चार तास जाते. तेव्हा काय करावं?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, पाच-सात मिनिटं, दर अर्ध्या तासाने. खायला घालू नका. वीज आल्यावर बंद डब्याचा फिल्टर थेट सुरू करू नका. आत अडकलेलं शिळं पाणी आधी बादलीत ओतून टाका, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, मग बटण दाबा.