लहान पक्षाने प्रायमरीत पाठिंबा दिला, तर त्या पक्षात नोंदणी करून त्या उमेदवाराला मत देता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहता, नागरिकत्वाची शपथ नुकतीच झाली आहे आणि मतदार नोंदणीचा अर्ज समोर आहे. वर्किंग फॅमिलीज पार्टी या लहान डाव्या पक्षाने याआधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उमेदवारांना पाठिंबा दिलेला आहे. पुढच्या वेळी तुमच्या आवडीच्या उमेदवाराला तो मिळाला, तर अर्जावर त्या पक्षापुढे खूण केल्यास त्या उमेदवाराला प्रायमरीत मत देता येईल का?

नाही येणार. तशी खूण केलीत तर नेमकी त्याच उमेदवाराला मत देण्याची वाट बंद होईल.

न्यूयॉर्कची प्रायमरी बंद स्वरूपाची आहे. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत फक्त डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यांनाच देता येतं. वर्किंग फॅमिलीज हा कायद्याच्या नजरेत संपूर्ण वेगळा पक्ष आहे. त्याने डेमोक्रॅटिक उमेदवाराला पाठिंबा दिला म्हणून त्याचे मतदार डेमोक्रॅट ठरत नाहीत. ‘कोणताही पक्ष नको’ अशी खूण केलेल्यांचीही हीच गत होते.

२०१६ मध्ये यातून बराच मनस्ताप झाला. प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीच नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर त्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती. म्हणजे सहा महिन्यांहूनही आधी! वर्किंग फॅमिलीजने डेमोक्रॅटिक प्रायमरीतले उमेदवार बर्नी सँडर्स यांना पाठिंबा जाहीर केला डिसेंबर २०१५ मध्ये. तो ऐकून ज्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरावंसं वाटलं, त्यात त्या पक्षाचे स्वतःचे नोंदणीकृत मतदारही आले, त्यांच्यासाठी दार दोन महिने आधीच लागलं होतं. रिपब्लिकन बाजूला डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हान्का आणि एरिक यांनाही वेळेत पक्षनोंद न केल्यामुळे वडिलांना मत देता आलं नव्हतं.

त्यानंतर कायदा बदलला. आता पक्ष बदलण्याची विनंती १४ फेब्रुवारीपर्यंत निवडणूक मंडळाकडे पोहोचली, तर ती त्या वर्षीच्या प्रायमरीसाठी चालते. १५ फेब्रुवारीपासून पुढे आलेली विनंती बाजूला ठेवली जाते आणि जूनची प्रायमरी उलटून आठवडा झाला की मगच लागू होते. अध्यक्षपदाची प्रायमरी जूनच्या आधी असते (२०२४ मध्ये ती २ एप्रिलला झाली), त्यामुळे १४ फेब्रुवारी ही तारीख आताच लिहून ठेवा. पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्याला ही अट नाही. त्याचा अर्ज निवडणुकीच्या दहा दिवस आधीपर्यंत मंडळाकडे पोहोचला की पुरतं, आणि त्यात तो हवा तो पक्ष निवडू शकतो. तुम्ही आज नव्या मतदार आहात, म्हणून ही सवलत तुम्हाला आहे. ती एकदाच मिळते. एकदा चुकीची खूण झाली की पुढचं सगळं फेब्रुवारीच्या मुदतीत येतं.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला: डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायचं असेल तर डेमोक्रॅटिकच्या चौकोनात खूण करा. वर्किंग फॅमिलीजसाठी काम करायला, देणगी द्यायला, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मतपत्रिकेवरच्या त्यांच्या रांगेत मत द्यायला तुमची नोंद कुठल्या पक्षात आहे हे कोणी विचारत नाही. त्या पक्षाच्या स्वतःच्या प्रायमरीत मात्र तुम्हाला मत नसेल. अर्ज पाठवून काही आठवडे झाले की राज्याच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर नाव घालून स्वतःची पक्षनोंद तपासा. हे पाऊल हमखास गाळलं जातं, आणि चूक कळते ती मतदान केंद्रावर.

आता मग हा पाठिंबा असतो तरी काय? प्रायमरीपुरता तो निव्वळ राजकीय पाठिंबा असतो, मतपत्रिकेशी त्याचा संबंध नाही. डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे दुसऱ्या पक्षाचं नाव छापत नाहीत. लहान पक्ष देतो ती माणसं, फोन, दारोदार फिरणं, थोडा पैसा आणि ‘डाव्या बाजूचा खरा उमेदवार हा’ असा शिक्का.

तो ठरवायची पद्धत प्रत्येक पक्षाची वेगळी. वर्किंग फॅमिलीजने २०१९ मध्ये उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, मग पसंतीक्रमाने मतदान घेतलं. निम्मं वजन राष्ट्रीय समितीच्या मतांना, निम्मं सभासद आणि समर्थकांच्या मतांना. सप्टेंबरमध्ये निकाल आला: एलिझाबेथ वॉरन सुमारे ६१ टक्के, सँडर्स सुमारे ३६. पक्षाने दोन्ही गटांचे आकडे वेगळे जाहीर केले नाहीत. चार वर्षांपूर्वी याच पक्षाने सँडर्स यांना उचलून धरलं होतं, त्यामुळे त्यांचे समर्थक भडकले. मोजक्या समितीने हजारोंचा कौल फिरवला का, हे कळायला मार्गच उरला नाही. माझ्या मते ही चूक पक्षाची होती. वजन कसं वाटायचं हा त्यांचा हक्क, पण वाटलं असेल तर दोन्ही आकडे समोर ठेवायला हवे होते. ५ मार्च २०२० ला वॉरन बाहेर पडल्या, पक्ष काही दिवसांतच सँडर्स यांच्याकडे वळला आणि शेवटी नोव्हेंबरसाठी बायडन यांच्यामागे उभा राहिला. एकाच मोसमात तीन उमेदवार.

दुसरी तऱ्हा सोशालिस्ट ऑल्टरनेटिव्ह या छोट्या संघटनेची. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत याच संघटनेच्या नावावर २०१३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. संघटनेने २०१६ च्या प्रायमरीत सँडर्स यांच्या बाजूने जोर लावला, पण ते हरल्यावर डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याकडे न जाता ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना साथ दिली. त्यांना हे सहज जमलं, कारण त्यांना मतपत्रिकेवर स्वतःची रांग टिकवायची नव्हती.

ही रांगच साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. न्यूयॉर्कमध्ये एकाच उमेदवाराला दोन पक्ष उमेदवारी देऊ शकतात. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव दोन रांगांत दिसतं, मतं वेगवेगळी मोजतात आणि मग बेरीज करतात. आपल्याकडे उमेदवाराला एकच चिन्ह, एकाच पक्षाचा एबी फॉर्म, त्यामुळे हे डोक्यात बसायला जरा वेळ लागतो. २०२० मध्ये बायडन यांचं नाव डेमोक्रॅटिकच्या ‘ए’ रांगेत होतं तसंच वर्किंग फॅमिलीजच्या ‘डी’ रांगेतही होतं, आणि ‘डी’ वर साधारण ३ लाख ८६ हजार मतं पडली. चार वर्षांपूर्वी क्लिंटन यांना याच पक्षाच्या रांगेत १ लाख ४० हजार मिळाली होती.

एवढी मतं मिळवणं २०२० मध्ये जिवावरचं काम होतं. पूर्वी गव्हर्नरच्या निवडणुकीत ५० हजार मतं मिळाली की पक्षाची रांग चार वर्षं पक्की असे. त्या वर्षापासून अट झाली: १ लाख ३० हजार किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांपैकी जे जास्त ते, आणि परीक्षा दर दोन वर्षांनी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही. ग्रीन, लिबर्टेरियन, इंडिपेंडन्स असे पक्ष त्याच वर्षी यादीतून गेले. त्यामुळे लहान पक्षाला नोव्हेंबरमध्ये भरपूर मतं ओढणारा उमेदवार आपल्या रांगेत हवाच असतो, आणि तो बहुधा मोठ्या पक्षाने निवडलेलाच असतो. प्रायमरीत त्याच्याविरुद्ध उभं राहिलं की मग अडचण.

किती अडचण, ते बघायला २०१८ ची गव्हर्नरची निवडणूक बघा. वर्किंग फॅमिलीजने तेव्हाचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्याविरुद्ध सिंथिया निक्सन यांना पाठिंबा दिला आणि आपली रांगही त्यांना देऊन टाकली. काही मोठ्या कामगार संघटनांनी पक्षाशी संबंध तोडले. सप्टेंबरमध्ये निक्सन डेमोक्रॅटिक प्रायमरी हरल्या, पण वर्किंग फॅमिलीजच्या रांगेत नाव त्यांचंच. न्यूयॉर्कमध्ये एकदा उमेदवारी स्वीकारली की नुसतं ‘मी माघार घेते’ म्हणून नाव निघत नाही. उमेदवाराचा मृत्यू, राज्य सोडून जाणं किंवा दुसऱ्या पदाची उमेदवारी, असे मोजकेच मार्ग आहेत. म्हणून निक्सन यांना राज्याच्या विधानसभेच्या एका जागेसाठी कागदोपत्री उमेदवार केलं गेलं, गव्हर्नरची जागा मोकळी झाली आणि ती रांग ऑक्टोबरमध्ये कुओमो यांना द्यावी लागली. तेव्हा पक्षाला ५० हजारांचा उंबरठा पार करता आला.

आपली रांग बाहेरच्या उमेदवाराला द्यायची की नाही, हा पक्षाचा अधिकार १९४७ च्या विल्सन-पाकुला कायद्यातून येतो. तुम्ही ज्या पक्षात नोंद नाही त्याची उमेदवारी हवी असेल, तर त्या पक्षाच्या समितीची लेखी परवानगी लागते. त्याआधी व्हिटो मार्कँटोनियो यांच्यासारखा अमेरिकन लेबर पार्टीचा नेता थेट डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन प्रायमरीत घुसून जिंकत असे. ते थांबवायलाच हा कायदा झाला.

अध्यक्षपदाला आणखी एक गुंता आहे: मत खरं तर निर्वाचकांच्या, म्हणजे पुढे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या, यादीला पडतं. दोन रांगांची बेरीज हवी तर दोन्ही पक्षांची यादी एकच लागते, म्हणजे उपाध्यक्षही तोच. १८९६ मध्ये हे बिनसलं. डेमोक्रॅट आणि पॉप्युलिस्ट या दोन्ही पक्षांनी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच घेतलं, पण डेमोक्रॅटांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार आर्थर सेवॉल आणि पॉप्युलिस्टांचे टॉम वॉटसन. राज्याराज्यांत यादींची वाटाघाट करावी लागली, वॉटसन यांना २७ निर्वाचक मतं गेली आणि ब्रायन हरलेच.

हे सगळं न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशा मोजक्या राज्यांपुरतं. बहुतेक राज्यांत दुहेरी उमेदवारीला बंदी आहे, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटाची तशी बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली. हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाइकांना तुमचा अनुभव लागू होणार नाही, हे त्यांनाही सांगा.

प्रचारात उतरायचं ठरवलंत तर आणखी दोन-तीन गोष्टी. उमेदवाराचं नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर आणण्यासाठी सह्यांचे अर्ज फिरतात. त्यावर सही करणारा त्याच पक्षाचा नोंदणीकृत मतदार लागतो, आणि साक्षीदार म्हणून सह्या गोळा करणाराही त्याच पक्षाचा लागतो. वर्किंग फॅमिलीजमध्ये नोंद असलेल्या उत्साही कार्यकर्त्याने डेमोक्रॅटिक अर्जाचा कागद फिरवला, तर त्याने साक्षीदार म्हणून सही केलेला अख्खा कागद बाद होऊ शकतो. नोटरी असलेल्याला ही पक्षाची अट नाही.

पैशाबद्दल: २०२५-२६ साठी एका व्यक्तीला संघराज्याच्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराला ३,५०० डॉलर देता येतात, प्रायमरीसाठी वेगळे आणि नोव्हेंबरसाठी वेगळे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी चालते. घरात कोणी एच-१बी वर असेल तर त्यांनी एक डॉलरही देऊ नये, तो गुन्हा आहे, मग पैसे उमेदवाराला द्या की लहान पक्षाला. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायला, पत्रकं वाटायला हरकत नाही. प्रचाराचे निर्णय घेण्यात मात्र भाग घेऊ नये.

आणि नोव्हेंबरची मतपत्रिका हातात आली की वर्किंग फॅमिलीजला बळ द्यायचं असेल तर फक्त त्याच रांगेतला गोल भरा. उत्साहाच्या भरात दोन्ही रांगांत एकाच उमेदवारापुढे खूण केली, तर मत एकच धरतात आणि ते आधी येणाऱ्या रांगेच्या, म्हणजे डेमोक्रॅटिकच्या खात्यात जातं.