मेंदू टाकला, हृदय ठेवलं: प्राचीन इजिप्तमधल्या मृत्यूबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ममी कशी बनवायचे यावर अर्धं पान छापलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, पण त्यातले काही प्रश्न इथे घेतेय. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न: ताई, मेंदू नाकातून ओढून काढायचे आणि हृदय मात्र आतच ठेवायचे असं तुम्ही लिहिलंय. हे उलटं नाही का वाटत?

आपल्याला वाटतं, त्यांना नाही वाटायचं. त्यांच्या मते माणूस विचार करतो, लक्षात ठेवतो, बरंवाईट ठरवतो ते सगळं हृदयात. म्हणून मेंदू आकडीने काढून टाकायचे, पोटाच्या डाव्या बाजूला चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढायचे, ती वाळवून चार वेगळ्या बरण्यांत ठेवायचे, देह नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात वाळवायचे, आणि अभिषेक, तेलं, पट्ट्या असं सगळं मिळून साधारण ७० दिवस हा कार्यक्रम चालायचा. पण हृदयाला हात लावायचा नाही. कारण पुढे खटला असायचा आणि त्यात तेच लागायचं.

खटला मेलेल्यांचा राजा असलेल्या ओसायरिस देवाच्या दरबारात. तराजूच्या एका पारड्यात मेलेल्याचं हृदय, दुसऱ्यात माआतचं पीस, माआत म्हणजे सत्य आणि जगाची नीट बसलेली घडी. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव काटा बघतो, देवांचा लेखनिक थॉथ निकाल लिहून घेतो, आणि बाजूला अम्मित बसलेली असते, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय पापाने जड निघालं तर ते ती खाऊन टाकते आणि मग त्या माणसाला पुढे काहीच नाही, स्वर्ग नाही नरक नाही, तो संपलाच. समोर ४२ देव बसलेले, त्यांच्यापुढे एकेक पाप नाकारायचं: मी चोरी केली नाही, मी कोणाला रडवलं नाही, मापात खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. नाईलच्या काठावर शेती करून जगणाऱ्या लोकांची यादी आहे ही, पाणी अडवणं तिथे केवढं मोठं पाप असेल बघा.

आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. ममीच्या छातीवर, पट्ट्यांच्या आत, दगडात कोरलेला एक शेणकिडा ठेवायचे आणि त्याच्या सपाट पोटावर मंत्र कोरायचे. त्यात मेलेला माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो, की माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजूवाल्यासमोर माझ्या उलट जाऊ नकोस. म्हणजे देवांना काय सांगायचं ते पाठ झालंय, पण आतल्याला सगळं माहितीये, त्याचीच भीती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ही भीती मला ओळखीची वाटते.

प्रश्न: ‘बुक ऑफ द डेड’ म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ का?

नाही. हे नाव १८४२ मध्ये लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने रूढ केलं. त्यांचं स्वतःचं नाव ‘दिवसा बाहेर येण्याचे मंत्र’ अशा अर्थाचं आहे, आणि ते एक ठरलेलं पुस्तक नाही, मेलेल्याला पुढच्या प्रवासात उपयोगी पडतील अशा वेगवेगळ्या मंत्रांचा साठा आहे, ज्याला जे परवडेल आणि हवं असेल ते तो गुंडाळीवर लिहून घ्यायचा. तयार गुंडाळ्याही असायच्या ज्यात नावाची जागा कोरी सोडलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाची सुमारे २४ मीटर लांब गुंडाळी आहे, तिच्यातही काही ठिकाणी नाव मागाहून भरल्याचं दिसतं.

प्रश्न: हे सगळं राजांचं झालं. सामान्य माणसाला मेल्यावर काही मिळायचं की नाही?

रास्त प्रश्न आहे. सुरुवातीला मंत्र फक्त राजासाठी कोरले गेले, सक्कारातला उनास राजाचा पिरॅमिड, इसवी सनापूर्वी २३५० च्या सुमारास. मग काही शतकांत ते अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले, मग पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, असं दार हळूहळू उघडत गेलं. तरी खूप लोक वाळवंटाच्या कडेला चटईत गुंडाळून खड्ड्यातच पुरले जायचे, तिथे शवपेटीही नाही. कोरड्या गरम वाळूत देह मात्र आपोआप टिकायचा, कदाचित हा देह जपायचा विचार मुळात त्यातूनच सुचला असेल.

पण मधल्या थरातल्या एका जोडप्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. देर अल मदिना हे राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव, तिथे १९०६ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन संशोधकाच्या पथकाला खा आणि त्याची बायको मेरित यांची कबर चोरांचा हात न लागलेली सापडली. खा बांधकामावरचा मुकादम, साहेब म्हणा. मेरित आधी गेली, अचानक गेली असावी, कारण तिची शवपेटी तयारच नव्हती, मग खाने स्वतःसाठी बनवून घेतलेली पेटी तिला दिली, तिच्या मानाने ती मोठीच होती. सोबत तिचा पलंग, तिच्या वस्तूंची पेटी, आणि एका उंच लाकडी खोक्यात खऱ्या केसांचा तिचा विग, बारीक वेण्या अजून जशाच्या तशा. पाव आहेत, वेगवेगळ्या आकारांचे. घरातले कपडेसुद्धा. हे सगळं आता इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. मृत्यूनंतरच्या जीवनाची त्यांची कल्पना समजून घ्यायची तर तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा बघण्याआधी हा विग बघावा असं माझं मत आहे, तिकडे गेल्यावर मेरितला केस नीट करायला लागतील एवढा साधा विचार त्यात आहे.

प्रश्न: राजा मेला की नोकरांना मारून त्याच्याबरोबर पुरायचे हे खरं का?

अगदी सुरुवातीच्या काळात, बहुतेक हो. अबायडोसला पहिल्या घराण्यातल्या जेर राजाच्या कबरीभोवती ३०० हून जास्त माणसांच्या कबरी आहेत आणि त्यातल्या निदान काहींना तरी राजाबरोबर मारलं असावं असं संशोधक मानतात. पहिल्या घराण्यानंतर, म्हणजे इसवी सनापूर्वी २९०० च्या आसपास, ही पद्धत बंद झाली. पिरॅमिड त्याच्या बरेच नंतरचे, त्यामुळे सिनेमात दाखवतात तसं नाही. त्याहून नंतरच्या काळात शबती आल्या, छोट्या बाहुल्या, त्यांच्यावर लिहिलेलं असायचं की तिकडे मालकाला शेतात राबायला बोलावलं तर तू म्हण, ‘हा मी आलो’. नंतर नंतर तर पूर्ण संच ४०१ चा धरायला लागले, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक असे ३६५ आणि त्यांच्यावर ३६ मुकादम.

प्रश्न: या लोकांना कधी शंका यायची नाही का? सगळे डोळे मिटून मानायचे?

यायची, आणि लिहून ठेवलीये. मेजवानीत वीणावादक गातो अशा कल्पनेतलं एक गाणं पपायरसवर मिळालंय, त्यात सरळ म्हटलंय की जुन्या थोरांच्या कबरींच्या भिंती पडल्या, तिकडून कोणी परत येऊन सांगत नाही की त्यांना काय हवंय, कोणी आपली संपत्ती बरोबर नेली नाही, तेव्हा आजचा दिवस साजरा कर. हे गाणं कबरीच्या भिंतीवरही कोरलेलं सापडतं, म्हणजे श्रद्धा आणि शंका एकाच खोलीत नांदायच्या.

आणि चोर होतेच. इसवी सनापूर्वी ११०० च्या थोडं आधी थीब्जमध्ये चोऱ्यांचा मोठा तपास झाला, त्याची कागदपत्रं आपल्याकडे आहेत. आमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाने कबूल केलं की आम्ही सोबेकेमसाफ राजाची कबर फोडली, त्याच्या आणि राणीच्या ममीवरचं सोनं काढलं आणि शवपेट्या पेटवून दिल्या, सोनं १६० देबेन निघालं, म्हणजे साधारण साडेचौदा किलो, ते आठ जणांत वाटलं. पकडला गेला तेव्हा त्याने वाट्याचं सोनं लाच म्हणून देऊन सुटका करून घेतली आणि साथीदारांनी त्याला पुन्हा वाटा दिला! ज्या समाजात देह जळणं म्हणजे कायमचं मरणं, तिथे हे घडत होतं.

प्रश्न: तुतानखामुनचा शाप?

तुतानखामुनची कबर उघडणाऱ्यांना शाप लागला असं म्हणतात. शोधाला पैसे पुरवणारा कार्नारवॉन १९२३ मध्ये डासाच्या चाव्याची जखम चिघळून वारला, तिथून ही गोष्ट वाढली. कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला आणि सुरुवातीलाच आत गेलेली कार्नारवॉनची मुलगी एव्हलिन १९८० पर्यंत.

प्रश्न: मेलेल्यांशी त्यांचं नातं संपायचं की राहायचं? म्हणजे बोलायचे का त्यांच्याशी?

बोलायचे, आणि पत्रंही लिहायचे. बऱ्याचदा ती वाडग्यावर लिहायचे, म्हणजे नैवेद्याबरोबर पत्रही पोचेल. त्यात गोड बोलणं कमी आणि तक्रारी जास्त, तू गेलास आणि नातेवाईक आमची मालमत्ता लाटतायत, तिकडे बसून काय करतोयस, मध्ये पड. कारण मेलेला माणूस ‘आख’ झाला की त्याच्याकडे ताकद आहे असं मानायचे, तो मदत करू शकतो तसा त्रासही देऊ शकतो. आणि त्यालाही जिवंतांची गरज असते, कबरीवर कोणी पाव-बिअर ठेवायला हवी, कोणी नाव घ्यायला हवं. कबरींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना उद्देशून विनंत्या कोरल्यात, की काही आणलं नसेल तर नुसतं तोंडाने म्हणा, हजार पाव, हजार घडे बिअर, तुमचा फक्त श्वास खर्च होईल. मी म्युझियममध्ये गेले की ममीपाशी लावलेल्या पाटीवरचं नाव हळू आवाजात वाचते, ते यासाठीच.

अशा पत्रांतलं एक हॉलंडमध्ये लायडनला आहे, रामेसिस राजांच्या काळातलं. एका विधुराने आपल्या मेलेल्या बायकोला, आंखिरीला, लिहिलंय. त्याच्यावर काहीतरी संकटं आलीयेत आणि त्याला वाटतंय की तीच त्रास देतेय. मी तुझं काय वाकडं केलं, असं तो विचारतो, मग सगळं मोजून दाखवतो: तरुण होतो तेव्हा तुझ्याशी लग्न केलं, फेरोच्या, म्हणजे राजाच्या, नोकरीत मोठ्या जागा मिळाल्या तरी तुला सोडलं नाही, तू आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला, तू गेलीस तेव्हा रडलो, तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं. पश्चिमेच्या, म्हणजे मेलेल्यांच्या जगातल्या, देवांपुढे तुझ्यावर फिर्याद करीन असंही तो म्हणतो. आणि शेवटाकडे येता येता लिहितो, की तीन वर्षं झाली, मी एकटाच बसलोय, दुसऱ्या कोणाच्या घरात पाऊल टाकलेलं नाही.