ब्रिटिश संसदेची कार्यपद्धती शिकायची असेल, तर आधी सनद

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे. ब्रिटिश संसदेत कायदे कसे घडतात हा तिच्या विशेष आवडीचा विषय आहे. पदवीनंतर लंडनला एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन तिथेच बॅरिस्टर, म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा वकील, व्हावे असे तिने ठरवले आहे आणि त्यासाठी शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे आहे की, निदान पुढची दोन-तीन वर्षे जमीन तारण ठेवू नये. मुलीची आवड मात्र अस्सल आणि दुर्मिळ आहे, ती कोणत्याही कारणाने मोडू देऊ नये.

ब्रिटनमधील एलएलएम ही साधारणपणे एका वर्षाची शैक्षणिक पदवी आहे आणि केवळ तिच्या आधारावर तिथे वकिली करता येत नाही. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार 'इन्स'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकीचे सदस्यत्व घ्यावे लागते, बारचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यानंतर अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी करावी लागते. या उमेदवारीच्या जागा फार थोड्या असतात आणि तिथेच बहुतेकांची वाट अडते. सॉलिसिटरचा, म्हणजे मुख्यतः पक्षकारांना सल्ला देणाऱ्या आणि कागदपत्रे तयार करणाऱ्या वकिलाचा, मार्ग तुलनेने मोकळा आहे. २०२१पासून त्यासाठी एसक्यूई ही सामाईक परीक्षा सुरू झाली असून इतर उमेदवारांना तिच्याबरोबर दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, परंतु भारतात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्या वकिलाला ही अट लागू नाही. म्हणजे तिथे जायचे झाले तरी इथली सनद आधी घेणेच हिताचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तेव्हा त्या पात्रतेने मुंबईच्या उच्च न्यायालयाचे दार उघडत असे. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमानंतर सनद राज्याच्या बार कौन्सिलकडूनच मिळवावी लागते. पूर्वीच्या त्या प्रतिष्ठेच्या आठवणीवर आजचा खर्च ठरवू नये.

आता तिच्या विषयाकडे वळतो. संसदीय कार्यपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याला न्यायालयापेक्षा विधिमंडळाभोवती अधिक काम मिळते. सभागृहाला आणि समित्यांना नियमांबाबत सल्ला देणारे अधिकारी असतात, तसेच विधेयकांचे मसुदे लिहिणारे विधिज्ञ असतात. लंडनमधील 'ऑफिस ऑफ द पार्लमेंटरी काउन्सेल' हे कार्यालय १८६९पासून सरकारी विधेयकांचे मसुदे तयार करते. मसुदालेखन ही या क्षेत्रातील सर्वांत मोलाची विद्या आहे असे माझे मत आहे, म्हणून तिचे एक उदाहरण सविस्तर देतो.

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबतच्या विधेयकात माघारीचा करार अमलात आणण्यासाठी मंत्र्यांना नियम करण्याचा व्यापक अधिकार कलम ९ मध्ये दिला होता. सत्ताधारी पक्षाचेच सदस्य आणि माजी ॲटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांनी त्यावर दुरुस्ती मांडली. माघारीच्या अंतिम अटींना मंजुरी देणारा अधिनियम संसदेने आधी संमत केल्यावरच हा अधिकार वापरता यावा, एवढाच तिचा आशय होता. १३ डिसेंबर २०१७ रोजी ती ३०९ विरुद्ध ३०५ अशा चार मतांनी मंजूर झाली. 'ठराव' न म्हणता 'अधिनियम' म्हटल्यामुळे सरकारला एका मतदानावर भागवता येणार नव्हते, तर विधेयकाची सर्व वाचने आणि दोन्ही सभागृहे पार करावी लागणार होती. कार्यपद्धती ज्याला मुखोद्गत आहे त्यालाच असे वाक्य सुचते. त्या दिवशी सत्ताधारी पक्षाच्या अकरा सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. आपल्याकडे पक्षादेश मोडून असे मतदान केले, तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदीनुसार सदस्यत्व धोक्यात येते. म्हणून ब्रिटिश रीत शिकताना ती भारतात कुठवर लागू पडते याचाही विचार तिने सतत करायला हवा.

या ज्ञानाचा इथे उपयोग नाही असे मुळीच नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ मध्ये सभागृहांचे विशेषाधिकार मूळच्या शब्दांत हाउस ऑफ कॉमन्स या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या विशेषाधिकारांशी जोडलेले होते. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते नाव वगळले, तरी त्या विशेषाधिकारांचा अर्थ लावताना आजही वेस्टमिन्स्टरचे, म्हणजे ब्रिटिश संसदेचे, दाखले पाहिले जातात. महाराष्ट्रात विधी व न्याय विभाग आणि विधानमंडळ सचिवालय ही या कामाची नैसर्गिक ठिकाणे आहेत. राज्याचे अधिनियम मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध होत असल्याने दोन्ही भाषांत काटेकोर लिहू शकणाऱ्या विधिज्ञाला तिथे खरी किंमत आहे. दिल्लीतील पीआरएस या विधिमंडळांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप पदवीधरांना एका खासदाराबरोबर संसदीय काम शिकण्याची संधी देते. तिला वयोमर्यादा असल्याने पदवी हाती येताच अर्ज करावा. पुढे दोन वर्षांचा कामाचा अनुभव जमल्यावर ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येईल. ती मिळाल्यास लंडनचे शिक्षण कर्जाशिवाय होते, मात्र त्यानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते.

यंदाच्या सुट्टीत तिला एक काम द्यावे. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचा मूळ मसुदा, स्पष्टीकरणात्मक टिपणे, मांडलेल्या दुरुस्त्या आणि चर्चेचे शब्दशः वृत्त विनामूल्य मिळते. तिने एकच विधेयक निवडून त्याच्या पहिल्या वाचनापासून राजसंमतीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणते शब्द बदलले आणि ते कोणी, का बदलले, याची वही करावी. नंतर महाराष्ट्र विधानमंडळाचे एखादे विधेयक घेऊन त्यावर स्वतः दुरुस्ती लिहावी, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. या कामात तिचे मन रमले आणि चार ओळींसाठी चार दिवस घालवूनही कंटाळा आला नाही, तर तिची दुरुस्ती आणि वही मला पाठवावी. मसुदालेखनाच्या प्रशिक्षणासाठी नेमका कुठे अर्ज करावा, हे मी ती वाचून कळवीन.